तासातासाची नोंद

उन्हाळा जवळ आला की इंग्लंडातल्या मराठी घरांतून आई-बाबांच्या आगमनाची तयारी सुरू होते. सहा महिन्यांचा व्हिसा, बॅगेत भाजणी, मेतकूट, लोणच्याची बरणी आणि एका प्लॅस्टिकच्या डब्यात सहा महिन्यांची औषधं. मंडळाच्या गणपतीला ही सगळी मंडळी भेटतात, तेव्हा आम्हां दोघींना एक प्रश्न हमखास विचारला जातो: "तुम्ही आय. सी. यू. मध्ये असता म्हणजे नक्की करता काय? यंत्रंच तर सगळं करतात ना?" हातात प्रसादाची वाटी धरून, उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. म्हणून हा लेख.

आम्ही दोघी गेली अनेक वर्षं इथल्या अतिदक्षता विभागांत परिचारिका म्हणून काम करतो. हृदयविकार आणि पक्षाघात यांची धास्ती आपल्या लोकांनी आता पुरेशी घेतलेली आहे. आम्ही लिहिणार आहोत ते दुसऱ्या दोन कारणांबद्दल. एक, शरीरातल्या संप्रेरकांचा बिघाड, म्हणजे इन्सुलिन किंवा स्टिरॉइड कमी पडणं. आणि दुसरं, श्वासाचा बिघाड. हे दोन्ही बहुधा अचानक कोसळत नाहीत, आधी काही तास, कधी काही दिवस घरात दिसत असतात. आणि दोन्हींचा उपचार म्हणजे एखादं मोठं ऑपरेशन नव्हे. दर तासाला थोडं इकडे, थोडं तिकडे करत माणसाला परत आणायचं असतं. ते काम नर्सच्या हातचं.

अतिदक्षता विभागाचा जन्मच मुळी असा झाला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडून माणसं मरत होती आणि यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी घातली, आणि सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने रबरी पिशवी दाबत रुग्णांना श्वास दिला. पुढच्याच वर्षी त्यांनी अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग काढला. म्हणजे आधी रात्रंदिवस उशाशी बसणारं माणूस आलं, यंत्र मागाहून. इथे आजही कृत्रिम श्वासावर असलेल्या प्रत्येक रुग्णामागे एक नर्स, आणि त्याहून थोड्या बऱ्या दोन रुग्णांमागे एक, असा दंडक आहे. (जाता जाता: भारतात प्रत्येक नर्स "सिस्टर". इथे सिस्टर हा वरचा हुद्दा आहे. आपल्या आज्या सगळ्यांनाच "सिस्टर, सिस्टर" म्हणून हाक मारतात, त्यामुळे नव्या मुलींना घरबसल्या बढती मिळते आणि त्या खूश असतात.)

आता साखरेबद्दल. इन्सुलिन नसेल तर रक्तात साखर भरपूर असूनही पेशींना ती वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळू लागतं आणि त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात. रक्त आंबट होतं. लघवीवाटे पाणी आणि क्षार वाहून जातात. साठ किलोच्या माणसाच्या अंगातून सहा लिटरपर्यंत पाणी गेलेलं असू शकतं. रक्तातलं आम्ल बाहेर टाकण्यासाठी माणूस खोल आणि भराभर श्वास घेऊ लागतो. कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८७४ मध्ये या श्वासाचं वर्णन केलं, आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. घरच्यांना वाटतं दमाच लागला. छातीला स्टेथोस्कोप लावला तर फुप्फुसं स्वच्छ! फुप्फुसाचा काही दोष नाही, ती बिचारी रक्ताची चूक निस्तरत असतात. श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा किंवा नेलपॉलिश पुसायच्या द्रवासारखा वास येतो. बरोबर उलट्या आणि पोटदुखी असते, म्हणून पुष्कळदा "बाहेरचं खाल्लं, बाधलं" असं म्हणून एक दिवस जातो. तो दिवस फार महागात पडतो.

आमच्याकडे आल्यावर पहिल्या तासात बहुधा एक लिटर सलाईन जातं. इन्सुलिन पंपातून, दर किलो वजनामागे तासाला ०.१ युनिट, म्हणजे साठ किलोला सहा युनिट. मग दर तासाला बोटाला टोचून साखर आणि कीटोन मोजायचे. कीटोन तासाला निदान ०.५ ने उतरले पाहिजेत. उतरले नाहीत तर आधी पंप, नळी, सुई सगळं तपासायचं आणि मग डॉक्टरांना उठवायचं. खरी काळजी पोटॅशियमची. इन्सुलिन सुरू झालं की ते रक्तातून पेशींत शिरतं, रक्तातलं प्रमाण झपाट्याने घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून डोळा मॉनिटरवर, कान रुग्णाच्या बोलण्याकडे आणि हात लघवी मोजण्याच्या भांड्यावर.

या ठिकाणी नातेवाइकांशी आमचा हटकून एक संवाद होतो. साखर १४ च्या खाली आली की आम्ही इन्सुलिन चालूच ठेवून शेजारी ग्लुकोजची बाटली लावतो. ती पाहून मुलगा धावत येतो. "अहो, बाबांना डायबेटिस आहे, आणि तुम्ही ग्लुकोज काय लावलंय!" त्याचं बरोबर असतं आणि नसतंही. आपलं भांडण साखरेशी नसून कीटोनशी आहे. ते संपेपर्यंत इन्सुलिन थांबवता येत नाही, आणि इन्सुलिन चालू असताना साखर फार खाली जाऊ नये म्हणून हा ग्लुकोज. हे एकदा नीट समजावलं की मंडळी शांत होतात. आमचा अनुभव असा की आपली माणसं भांडखोर नसतात. त्यांना कारण हवं असतं, आणि ते कोणी सांगितलेलं नसतं.

वर १४ म्हटलं ते इथलं माप. भारतातलं आणि इथलं माप वेगळं आहे, इथल्या आकड्याला अठराने गुणलं की भारतातला आकडा मिळतो. इथले १० म्हणजे तिकडचे १८०, इथले १४ म्हणजे तिकडचे सुमारे २५०. "बाबांची शुगर ३० आली" असं ऐकून घाबरून साखर चारणारं घर आम्ही पाहिलं आहे. ते ३० म्हणजे ५४० होते.

वयस्कर माणसांत आणखी एक प्रकार होतो. यात कीटोन फारसे नसतात, पण साखर ३० च्या वर जाते, रक्त अक्षरशः पाकासारखं घट्ट होतं, आणि माणूस तीन-चार दिवसांत हळूहळू सुस्त होत जातो. विमानप्रवासानंतर हे झालं तर काय म्हटलं जातं ते सांगायला नको: "जेट लॅग आहे, झोपू दे त्यांना." जेट लॅगमध्ये माणूस अवेळी झोपतो, पण हाक मारल्यावर नीट उत्तर देतो आणि चहा मागतो. सारखी तहान, सारखी लघवी, जीभ कोरडी आणि बोलणं असंबद्ध असेल तर तो जेट लॅग नव्हे. या रुग्णाची साखर आम्ही मुद्दाम सावकाश उतरवतो, घाई केली तर मेंदूला इजा होते. त्यामुळे घरच्यांना वाटतं की काही चाललेलंच नाही.

या सगळ्यापेक्षा एका गोष्टीची आम्हांला सध्या जास्त धास्ती वाटते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, म्हणजे "ग्लिफ्लोझिन" असं शेपूट असलेल्या गोळ्या आता भारतातही सर्रास दिल्या जातात. गोळ्या चांगल्या आहेत. लघवीवाटे साखर बाहेर काढतात, हृदयाला आणि मूत्रपिंडाला उपयोगी पडतात. पण या गोळ्या घेणाऱ्या माणसाचं खाणं बंद झालं, तर क्वचित साखर फारशी न वाढताच रक्तात कीटोन साचतात. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल जाहीर इशारा दिला होता. आता आपल्याकडची चातुर्मासातली दिनचर्या आठवा. निर्जळी एकादशी, हरतालिका, आणि गोळी मात्र नेमाने सकाळी पाण्याच्या घोटाबरोबर. संध्याकाळी उलट्या. मशीनवर साखर ९, म्हणजे तिकडची १६२. "शुगर तर छान आहे!" म्हणून घर निर्धास्त. अशा वेळी साखरेवर विश्वास ठेवू नये, कीटोन तपासायला सांगावं. उपास करू नका असं आम्ही म्हणत नाही, तो आमचा प्रांत नव्हे. पण गोळीच्या डब्यावरचं नाव वाचा आणि उपासाच्या, उलट्या-जुलाबाच्या किंवा ऑपरेशनच्या दिवसांत ती कधी थांबवायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट याच्या उलट आहे. जेवण गेलं म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने पूर्ण बंद करणं हीच कीटोन वाढण्याची हुकमी वाट.

संप्रेरकांतलाच दुसरा प्रसंग स्टिरॉइडचा. संधिवात, दमा, त्वचारोग यांसाठी प्रेडनिसोलोन महिनोन्‌महिने घेणारी माणसं आपल्यात पुष्कळ. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी आपलं काम सोडून देतात. मग बॅग विमानतळावर हरवली, किंवा सुनेने "एवढ्या गोळ्या कशाला" म्हणून थांबवल्या, किंवा गोळ्या चालू असतानाच न्यूमोनिया झाला, तर शरीराला लागणारं स्टिरॉइड कुठूनच मिळत नाही. रक्तदाब घसरतो, उलट्या होतात, साखर कमी होते, माणूस ग्लानीत जातो. उपचार अगदी स्वस्त आणि साधा आहे: हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाईन. पण ते द्यायचं कोणाच्या तरी डोक्यात यायला हवं! त्यासाठीच इंग्लंडात २०२० पासून अशा रुग्णांना लाल रंगाचं स्टिरॉइड कार्ड देतात. रोज ५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन चार आठवडे वा अधिक घेणाऱ्या माणसाजवळ ते असावं.

इथे पुड्यांचा विषय काढायलाच हवा. गावाकडच्या कुणा वैदूने सांधेदुखीवर दिलेल्या, नाव-गाव नसलेल्या पुड्या. "आयुर्वेदिक आहे, काही अपाय नाही." अशा काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. चार दिवसांत गुडघे मोकळे झाले आणि चेहरा गोल होऊ लागला तर शंका घ्या. डॉक्टरांना पुडी दाखवायला लाजू नका. आम्हां नर्सेसना तर जरूर दाखवा, आम्ही रागावत नाही.

आता श्वास. दम्याचा जोर किती हे ओळखायला यंत्र लागत नाही. माणसाला काहीतरी विचारा. एका दमात पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर दमा तीव्र आहे. मिनिटाला श्वास २५ किंवा जास्त आणि नाडी ११० किंवा जास्त, ही त्याचीच खूण. छातीतली शिट्टी बंद झाली म्हणून आनंद मानू नका. हवा आत-बाहेर होणंच थांबत आलं की शिट्टीही वाजत नाही. माणूस दमून झोपाळू झाला, ओठ निळसर झाले तर एक क्षणही घालवू नये, सरळ ९९९. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याला आडवं करू नका. बसवा, पुढे टेबलावर किंवा उशीवर हात टेकू द्या. निळा पंप स्पेसरला, म्हणजे त्या प्लॅस्टिकच्या फुगीर नळीला लावून अर्ध्या-एक मिनिटाने एकेक असे दहापर्यंत पफ देता येतात.

पण घरात निळा पंप असतो कुठे? "पंपाची सवय लागते" या समजापायी आमच्या कितीतरी मावश्या-काकवा पंप टाळून गोळ्या घेतात. भारतात थिओफायलिनच्या गोळ्या अजून सहज दिल्या जातात, त्या वेगवेगळ्या व्यापारी नावांनी मिळतात आणि ती नावं इथल्या डॉक्टरांना ठाऊक नसतात. तीव्र दम्यात कधी कधी त्याच जातीचं अमिनोफायलिन शिरेतून द्यावं लागतं. रुग्ण आधीच गोळ्या घेत असेल तर सुरुवातीचा मोठा डोस द्यायचा नसतो, नाहीतर झटके येऊ शकतात, हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून औषधांचा डबा आम्हांला एवढा मोलाचा. "एक पांढरी गोळी आणि एक अर्धी गुलाबी" एवढ्यावर आमचं भागत नाही.

चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बायकांबद्दल थोडं सविस्तर. आयुष्यात विडी ओढलेली नाही, पण लाकडाच्या आणि गोवऱ्यांच्या धुराने फुप्फुसं धूम्रपान करणाऱ्यासारखी झालेली. इथे नोंद होते "कधीही धूम्रपान नाही", आणि मग या आजाराकडे लक्ष जायला वेळ लागतो. चुलीचा इतिहास डॉक्टरांना सांगा, ते विचारणार नाहीत. अशा काही रुग्णांना ऑक्सिजन जास्त दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि त्यांना गुंगी येते. म्हणून त्यांच्यासाठी बोटावरच्या यंत्राचा आकडा ८८ ते ९२ मध्येच ठेवायचा असतो. मुलगी रडकुंडीला येऊन म्हणते, "नव्वदच आहे, वाढवा ना!" आणि नर्स हलत नाही. ती निर्दय नसते.

कार्बन डायऑक्साइड साचलाच तर घट्ट मास्क लावून यंत्राने श्वासाला जोर देतात. त्या मास्कची पहिली पंधरा मिनिटं हीच खरी नर्सिंगची परीक्षा. तोंडावर वादळ आल्यासारखं वाटतं आणि माणूस मास्क उपटून फेकतो. आम्ही पट्टे न बांधता आधी हाताने मास्क धरतो, यंत्राच्या लयीबरोबर "घ्या... सोडा... घ्या... सोडा" म्हणत राहतो. मराठीतून म्हटलं की फरक पडतो, हे आम्ही पैजेवर सांगू. आमच्यातल्या एकीने केरळच्या आणि फिलिपाइन्सच्या सहकारी मुलींना हे दोन शब्द शिकवले आहेत. नाकाच्या हाडावर जखम होऊ नये म्हणून पट्टी, मधून मधून ओठ ओले करणं, डोळ्यांत वारा जात नाही ना ते पाहणं, ही कामं कुठल्याही यंत्राला येत नाहीत.

भाषेवरून आठवलं. "घाबरं होतंय" याचं इंग्रजी नातवाने "शी इज स्केअर्ड" असं केलं, तर डॉक्टर धीराचे चार शब्द बोलून पुढे जातील. आजीला म्हणायचं असतं की जीव कासावीस होतोय, श्वास पुरत नाही. "दम लागतो" आणि "दमले" यांचीही अशीच गल्लत होते. हॉस्पिटलात दुभाषी मागता येतो, बहुतेक वेळा फोनवर मिळतो, त्याचे पैसे तुम्हांला पडत नाहीत. नातवंडांना या कामाला लावू नये. वाईट बातमी बारा वर्षांच्या पोराच्या तोंडून आजोबांना कळावी का, याचा विचार करा. बातमी लपवण्यासाठी दुभाषी टाळणारी घरंही आहेत. त्यांची माया आम्हांला कळते, पण शुद्धीवर असलेला रुग्ण बहुतेक वेळा सगळं ओळखून असतो.

नळी घालून झोपवलेला रुग्ण मात्र बोलत नाही, आणि तिथे घरच्यांना आपण निरुपयोगी आहोत असं वाटतं. तसं नाही. आम्ही उशाकडची बाजू ३० अंश उंच ठेवतो, काही तासांनी कूस बदलतो, तोंड आणि डोळे स्वच्छ करतो, घशातला कफ ओढून काढतो. तुम्ही चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी आणून द्या. शुद्धीवर येताना पुष्कळांना भ्रम होतो, भिंतीवर मुंग्या दिसतात, नर्स विष देते आहे असं वाटतं. त्या वेळी ओळखीचा चेहरा स्पष्ट दिसला, तारीख-वार कोणी सांगितलं तर मदत होते. अनेक विभागांत उशाशी एक डायरी ठेवतात. त्यात नर्स लिहिते, घरच्यांनीही लिहायचं असतं. नंतर रुग्णाला ते हरवलेले दिवस जुळवायला ती उपयोगी पडते. खुशाल मराठीत लिहा. एका सूनबाईंनी सासूबाईंसाठी रोज काय भाजी केली आणि ती कशी बिघडली ते लिहून ठेवलं होतं. त्या वाचून खळखळून हसल्या, आणि हसताना श्वास किती पुरतो ते आम्हांलाही आपोआप कळलं.

पैशाचं बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. इंग्लंडात अपघात विभागातले उपचार पाहुण्यांनाही मोफत आहेत, पण दाखल केलं की पाहुण्यांना राष्ट्रीय दराच्या दीडपट बिल येतं. तातडीचा उपचार पैशासाठी अडवत नाहीत, बिल मागून येतं. ५०० पौंडांवरची थकबाकी दोन महिन्यांहून जास्त राहिली तर पुढच्या व्हिसावर परिणाम होऊ शकतो. त्यामुळे विमा घेताना मधुमेह, दमा, सगळं लिहा, लपवलं तर विमा ऐनवेळी हात वर करतो. आल्या आल्या जी. पी. कडे तात्पुरती नोंदणी करून घ्या, तिला पैसे पडत नाहीत.

परत जाताना इन्सुलिन आणि पंप हातातल्या पिशवीत ठेवावेत. बॅगांच्या कप्प्यात इन्सुलिन गोठण्याचा धोका असतो, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरायचं नसतं. औषधांच्या मूळ नावांची आणि डोसांची यादी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, पासपोर्टच्याच पाकिटात राहू द्या. फुप्फुसाचा आजार असेल तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. विमानातली हवा आठ हजार फुटांपर्यंतच्या उंचीवर असते तितकी विरळ असू शकते, आणि वाटेत ऑक्सिजन लागणार असेल तर विमान कंपनीचा वैद्यकीय फॉर्म भरून त्याची व्यवस्था आधी करावी लागते.